पाट्या टाकणारा महाराष्ट्र

माझा मामा पेंटर होता. चित्रकार नव्हे, पेंटर. मिरजेत त्याचं खोक्याएवढं दुकान होतं आणि आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतल्या पाट्या त्याच्या हातच्या. किराणा-भुसार, वकील, दंतवैद्य, ‘येथे जाहिराती लावू नयेत’, सगळं. आधी खडूची दोरी ताणून रेघ मारायची, मग अक्षर, मग आऊटलाइन, आणि गिऱ्हाईक पैशाला बरं असेल तर मागे शेड. मामाची शाळा सातवीत सुटली होती, पण ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकलं नाही. एका पुढाऱ्याने एकदा कागदावर ‘हार्दीक’ लिहून आणलं. मामाने कागद परत दिला. म्हणाला, ‘शुद्ध लिहून आणा. भिंत नगरपालिकेची असली तरी हात माझा आहे.’ पुढारी गेला आणि शुद्ध लिहून घेऊन आला. आजच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती माझ्याकडे संशयाने बघतात. भिंत, हात वगैरे त्यांना पटतं. पुढारी परत गेला, हे काही केल्या पटत नाही.

मामा आठवला तो पाटी या शब्दामुळे. शाळेतली पाटी, दुकानावरची पाटी आणि डोक्यावर वाहायची मातीची पाटी, असे तीन संसार हा एकच शब्द सांभाळतो. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी सरकारी कामांवर खरोखर पाट्या टाकल्या. उन्हात, पोटासाठी. त्यातून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. आज ‘पाट्या टाकणे’ म्हणजे काम केल्याचा देखावा करून पगार उचलणे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं सरकार, आपले विरोधक, आपल्या साहित्यसंस्था आणि आपल्या गल्लीतलं मंडळ, हे सगळे एकाच वेळी दोन्ही अर्थांनी पाट्या टाकत आहेत. चौकात एक पाटी लावायची आणि तिच्या मागे एक टाकायची. तुम्ही हुशार आहात, तुमच्या हे कधीच लक्षात आलंय. तरी सांगतो, कारण मला सांगायला मजा येते.

सुरुवात मायमराठीपासूनच करावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे समिती नेमली गेली २०१२ साली, तिचा अहवाल आला २०१३ साली. पुढची अकरा वर्षं भाषा फायलीत घोरत पडली, आणि ती अभिजात असल्याचा साक्षात्कार दिल्लीला झाला तो विधानसभेच्या मतदानाला जेमतेम सात आठवडे उरले असताना. याला योगायोग म्हणतात. त्याच बैठकीत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली याही अभिजात ठरल्या, पण आम्ही पेढे असे वाटले की जणू बोर्डात एकटेच पहिले आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले साहेब, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन उपसाहेब, खाली सव्वीस शुभेच्छुक, आणि वरच्या कोपऱ्यात ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरांच्या फोटोचा आकार पाहता ते प्रभागाचे सहचिटणीस असावेत.

अभिजात म्हणजे नेमकं काय झालं, असं मी सोसायटीतल्या एका काकांना विचारलं. ‘म्हणजे आता सगळ्यांना मराठीत बोलावंच लागणार!’ काका गरजले. आणि त्याच श्वासात नातवाला म्हणाले, ‘बेटा, शूज पहन लो.’

गंमत अशी की मराठीच्या प्राचीनत्वाच्या पुराव्यांत ज्याला मोठा मान आहे, तो नाणेघाटातला लेखसुद्धा एक पाटीच आहे. जुन्नरच्या वाटेवर, डोंगरातल्या गुहेच्या भिंतीवर, दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा. विषय काय? सातवाहन राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दानं. इतक्या गायी, इतके घोडे, इतके हत्ती, इतके कार्षापण. हिशेब चोख. म्हणजे आपल्या भाषेचा हा पूर्वज मुळात खर्चाचा तपशील आहे! पण एक क्रम बघून ठेवा. आधी दिलं, मग कोरलं. हल्ली आधी कोरतात. २४ डिसेंबर २०१६ रोजी अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. पूजा झाली, भाषणं झाली. त्या जागी आजही फक्त जलच आहे, आणि ते पूजेच्या आधीही होतं. तिकडे नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकायचा असं लोक सांगतात. म्हणजे टोलही तेव्हापासूनचा. फक्त सातवाहनांनी आधी घाट फोडला होता.

असो. पुढची पाटी दुकानाची.

दुकानांवर मराठी पाटी हवी, हा कायदा आहे आणि तो योग्य आहे. यात मला काडीचा विनोद दिसत नाही. ज्या राज्यात धंदा करायचा तिथल्या गिऱ्हाइकाला वाचता येईल असं नाव लिहा, एवढीच तर मागणी. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानंही त्यात आली आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावं असंही ठरलं. व्यापारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन परत पाठवलं. पाट्या लागल्या. आता जरा बाजारातून चक्कर मारा आणि मोठ्याने वाचा: ‘द फॅशन हब’. ‘न्यू रॉयल मेन्स वेअर’. ‘केक अँड क्रीम’. ‘हेअर अँड ब्यूटी लाऊंज (युनिसेक्स)’. झाली की नाही मराठी पाटी? कायद्याला अक्षराची उंची मोजता येते. शब्द कुठल्या घरचा, याला फूटपट्टी लागत नाही. माझ्या आजीला ही पाटी वाचता आली असती. आत काय मिळतं हे मात्र तिला आत शिरूनच विचारावं लागलं असतं, आणि आतला पोरगा म्हणाला असता, ‘बोलो माँजी.’ पोरगा आडनावाने जाधव.

याच दुरुस्तीत आणखी एक रत्न आहे. दारूच्या दुकानांना आणि बारना थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत. उत्तम. बारवर किल्ल्याचं नाव नको. किल्ल्यावर बार मात्र दर शनिवारी भरतो. रविवारी ट्रेकिंगवाली पोरं पोती घेऊन बाटल्या वेचतात. पाटी पवित्र राहिली, प्रश्न मिटला.

पाटी नसली की काच फुटते. फोडणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, आणि तो फोटो तो ज्या मोबाइलवरून सगळ्यांना पाठवतो, त्याच मोबाइलवर त्याच्या मुलाच्या शाळेचा निरोप आलेला असतो: ‘डिअर पेरेंट्स’. मी कुणाला हसतोय? मी ज्या शाळेत शिकलो तिची मराठी तुकडी पट नाही म्हणून बंद झाली. आधी पाटीवर ‘सेमी’ आलं, मग ‘इंग्लिश’, शेवटी ‘ग्लोबल’. आतले बाक तेच, मुतारीचा वासही तोच. शेवटच्या तुकडीच्या निरोपाला आम्ही माजी विद्यार्थी झब्बे घालून गेलो आणि ढसाढसा रडलो. रडणाऱ्या सत्तरएक जणांत एकाचंही मूल त्या तुकडीत नव्हतं. माझंही नव्हतं. (विचारलंत म्हणून सांगितलं.)

मग २०२५ उजाडलं आणि सरकारने आमच्या अभिमानाची सोय केली. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला: पहिलीपासून हिंदी ही अनिवार्य तिसरी भाषा. सहा वर्षांचं पोर, ज्याला अजून नाक पुसता येत नाही, त्याने तीन भाषांत नाक पुसायचं. गदारोळ झाला. मग १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि त्यातला एक शब्द मी चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे. ‘अनिवार्य’ गेलं आणि हिंदी तिसरी भाषा असेल ती ‘सर्वसाधारणपणे’! वा! मंत्रालयातल्या ज्या कुणाला हा शब्द सुचला त्याला खरं तर अभिजात दर्जा द्यायला हवा. ‘तुम्ही माझे पाचशे रुपये परत देणार का?’ ‘सर्वसाधारणपणे.’ ‘पुलाचं काम पूर्ण होईल का?’ ‘सर्वसाधारणपणे.’ हिंदी नको असेल तर दुसरी भाषा घ्या, फक्त वर्गात वीस मुलं तरी तीच मागणारी हवीत. ज्या झेडपीच्या शाळेत चार इयत्ता मिळून वीस मुलं आणि दोन गुरुजी असतात, तिथे पहिलीतल्या वीस जणांनी एकत्र येऊन तमिळची मागणी करायची. ती जमली की मग शिक्षक शोधायचा किंवा इंटरनेटवरून शिकवायचं. रेंज येत असेल तर. सर्वसाधारणपणे.

२९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू सुमारे वीस वर्षांनी राजकीय व्यासपीठावर एकत्र आले. विजय झाला. कुणाचा? मराठीचा, अर्थातच. विजयानंतर मी आमच्या भागातल्या महापालिकेच्या मराठी शाळेवरून गेलो. फाटकावर विजयाचा फ्लेक्स होता. फाटकाला कुलूप होतं. फ्लेक्समुळे कुलूप दिसत नव्हतं, ही त्यातली सोय.

आता गावांच्या पाट्या. नाव बदलायला माझी हरकत नाही. गावाचं नाव गावाने ठरवावं, आणि औरंगजेबाच्या नावाशी मला कसलाही घरोबा नाही. मी फक्त हिशेब मांडतो. १९८८ साली बाळासाहेब ठाकरे यांनी सभेत औरंगाबादचं ‘संभाजीनगर’ जाहीर केलं. पुढची तीन दशकं प्रत्येक निवडणुकीला ती पाटी माळ्यावरून काढायची, पुसायची, दाखवायची, परत ठेवायची. शेवटी २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नव्या सरकारने १६ जुलैला तोच निर्णय पुन्हा घेतला, आधी ‘छत्रपती’ जोडून. एकाच बारशाला दोन आत्या! केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ला. पाट्या बदलल्या, फटाके वाजले.

आणि नळ? या शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीहून. त्याचा नाथसागर म्हणजे राज्यातला नावाजलेला जलाशय, अंतर पन्नासेक किलोमीटर. १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. पुढे खर्चाचा आकडा वाढला, मुदती वाढल्या, एक पाण्याचा दिवसच तेवढा वाढेना. तिथे माझी आतेबहीण राहते. तिच्याकडे कॅलेंडरवर दोनच गोष्टींवर गोल असतो, संकष्टी आणि पाणी. संकष्टीचा चंद्र एक वेळ ढगातून का होईना दिसतो. फोन केला की ती म्हणते, ‘थांब रे, पाणी आलंय,’ आणि फोन आपटते. मग पुढचे सात-आठ दिवस निवांत बोलता येतं.

याच गावात ज्याने पाणी आणलं, त्याच्या नावाने कुणीही मत मागत नाही. मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला माणूस. १६१० साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आज नावावरून भांडतो तेच हे गाव, आणि जमिनीखालून खापरी नळ घालून डोंगराचं पाणी वस्तीत खेळवलं. नहर-ए-अंबरी म्हणतात तिला. त्यानंतर या गावाने फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं पाहिली. अंबरने वसवलेल्या गावावर त्याच्या नावाची पाटी लागली नाही. त्याने नहर ठेवली. आमच्याकडे पाटी आहे, आणि टँकर आहे. टँकरवर मागे नाव असतं बघा. टँकरवाल्याचं नव्हे, भाऊंचं.

भाऊंवरून फ्लेक्स. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फ्लेक्स हा आपल्या काळातला एकमेव जिवंत वाङ्मयप्रकार आहे. त्याचं व्याकरण कडक आहे. भाऊंचा एक हात कानाशी मोबाइल धरून. कुणाशी बोलतात देव जाणे. ज्याअर्थी चेहरा इतका गंभीर आहे त्याअर्थी गॅसवाल्याशी. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे वाघ किंवा सिंह (बजेटप्रमाणे), पायाखाली शहराची क्षितिजरेषा, आणि ती पाहावी तर दुबईची. पदव्या: कार्यसम्राट, विकासपुरुष, जनतेच्या मनातील आमदार. मनातील म्हणजे मतदानात पडलेले. पुण्यात मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी शहराला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे. पण फ्लेक्सवर? माजी, भावी, आदर्श, कर्तव्यदक्ष असे नगरसेवक चौकाचौकात डेंग्यूच्या डासांसारखे. लोकशाही नव्हती, तिच्या पाट्या मात्र भरगच्च होत्या. आणि ‘हार्दीक’ सगळीकडे दीर्घ. आता परत पाठवणारा मामा नाही. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर चिकटवतो आणि चौरस फुटाने पैसे घेतो. मामाचं दुकान याच फ्लेक्सने बंद पाडलं. शेवटची काही वर्षं तो ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचा. ते इंग्रजी होतं, त्यामुळे त्याच्या मते त्यात शुद्ध-अशुद्ध बघायची जबाबदारी त्याची नव्हती.

बेकायदा फ्लेक्स काढा, असं मुंबई उच्च न्यायालयाने किती वेळा बजावलं असेल! राजकीय पक्षांनी तिथे हमीपत्रं दिली: आमचे कार्यकर्ते असलं काही करणार नाहीत. हमीपत्र म्हणजे आणखी एक पाटी. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. परवानगी चाळीस बाय चाळीस फुटांपर्यंतची, उभा होता एकशे वीस बाय एकशे वीस. सतरा माणसं मेली. काही पाऊस आला म्हणून आडोशाला थांबली होती, काही गाडीत तेल भरायला. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पाच, ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्याच्या जुन्या बाजाराजवळ चार. दर वेळी चौकशी. घाटकोपरचा तो फलक सर्वांत मोठा म्हणून विक्रमांच्या पुस्तकातही गेला होता. इथे मला विनोद सुचत नाही, पुढे जातो.

पुढे जायचं तर मुंबई-गोवा महामार्गाने जाऊ. चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. तेव्हा ज्या पोराला आईच्या मांडीवर बसवून गणपतीला गावी नेलं, ते पोर यंदा बापाशेजारी बसून खड्डे मोजतं. दर वर्षी गणपतीच्या आधी मंत्री पाहणी करतात, मुदत जाहीर होते, आणि रस्ता खचतो. पण पाट्या वेळेवर लागतात: ‘काम प्रगतिपथावर आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ लोखंडी पाटी, तिलाही गंज चढलाय. दिलगिरीसुद्धा जुनी झाली म्हणजे बघा.

आता माझी कबुली. गेल्या आषाढात मी साठ वर्षांचा झालो आणि गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी माझा फ्लेक्स लावला. आठ बाय दहा. मला न विचारता. ‘परखड विचारवंत, आमचे मार्गदर्शक काका यांना वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा.’ मी तावातावाने खाली गेलो. आयुष्यभर ज्याच्या विरोधात लिहिलं त्याच गोष्टीवर माझं थोबाड! पोरं निवांत होती. ‘काका, चष्मा आम्ही लावलाय, शोभतोय ना?’ मी शुद्धलेखनावरून झापलं, बेकायदा बांधकामावरून झापलं, न्यायालयाचे निर्णय सांगितले. आणि निघताना, आवाज जरा खाली आणून, विचारलं की मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा का आहे.

‘काका, वर्गणी,’ पोरगा म्हणाला.

आठवड्याने फ्लेक्स उतरला. श्रावणात धो धो पाऊस लागला तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवर मी मला पाहिलं. वांग्यांच्या वर ताणलेला, काळा चष्मा लावून, डोक्यावर पाण्याचं तळं साचलेला. शेजारच्या गाडीवर विकासपुरुष होते. मी कोथिंबीर घेतली. मावशींनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे.

‘तुमचाच का हो हा?’

‘हो.’

‘बरा आहे. शेजारचा गळतो.’